अठरा मिनिटांची भाकर

माणसाचे गुडघे वाकतात ते बसता यावं म्हणून, हे आमच्या खालच्या काकांना कुणी कधी सांगितलेलंच नसावं. उभ्याने जेवणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. लग्नातल्या बुफेचं सोडून द्या, तिथे खुर्च्याच कमी असतात. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी, पायात नाडी बांधलेले जोडे, कमरेला आवळलेला पट्टा आणि मनगटावर छत्री अडकवून, दोन्ही वेळचा वरणभात सात मिनिटांत संपवणारे काकाच. आम्ही अंधेरीला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्या पहिल्याच दिवशी मी पाण्याच्या कॉकची चौकशी करायला खाली गेलो, तर हे गृहस्थ छत्रीसकट जेवत होते. मला वाटलं, बाहेर निघालेत. म्हटलं, "नंतर येतो, तुम्ही घाईत दिसताय." काका म्हणाले, "मी नेहमीच घाईत असतो, तू बस." आणि एकुलत्या एका खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून त्यांनी मला बसायला जागा करून दिली. ती खुर्ची त्यांनी पाहुण्यांसाठीच घेतलेली होती.

या उभ्या जेवणाला आधार होता, आणि तो थेट पवित्र शास्त्राचा. काका मराठी ख्रिस्ती, चर्चमधले जुने सभासद. इस्राएल लोक मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते, आणि सुटकेच्या रात्री देवाने त्यांना सांगितलं की कमरा कसून, पायात जोडे घालून, हातात काठी घेऊन घाईघाईने जेवा, कारण कुठल्याही क्षणी निघावं लागेल. घराच्या दाराला कोकराचं रक्त लावा, म्हणजे मृत्यू आत न येता ते दार ओलांडून पुढे जाईल. तो वल्हांडण सण. त्या रात्री पीठ आंबून फुगायलासुद्धा वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बिनखमिराचीच भाकर भाजली. हे सगळं काकांनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं, कॉकचं राहिलं बाजूला. मी पाणीखात्यात नोकरी करतो, खात्री करून घेण्याची सवय आहे. विचारलं, "पण काका, ते त्या एका रात्रीपुरतंच होतं ना?" काकांनी शेवटचा घास घेतला, ताट विसळलं आणि म्हणाले, "हो. पण ती रात्र काय आधी फोन करून येते?"

आता खरी गंमत अशी की या बिनखमिराच्या भक्ताने आयुष्यभर खाल्लं ते खमिरावरच. काका पावाच्या कारखान्यात नोकरीला होते आणि त्यांच्याकडे काम होतं खमीर सांभाळायचं. पीठ किती फुगलं, किती फुगायचं राहिलं, भट्टीत कधी सोडायचं, हे काकांनी बोट दाबून सांगायचं आणि मग बाकीच्यांनी हलायचं. निवृत्त झाल्यावरही ते नाक काही निवृत्त झालं नाही. आमच्या घरी इडलीचं पीठ भिजलेलं असलं की काका जिन्यावरूनच ओरडत, "वहिनी, आणखी दोन तास! आत्ता लावल्यात तर वाट लागेल." माझ्या बायकोने एकदा हट्टाने आधी लावल्या. त्या इडल्या आम्ही चटणीबरोबर नव्हे, नाइलाजाने खाल्ल्या. लग्न का केलं नाहीत, असं कुणी विचारलं की काका म्हणत, "दुसऱ्याचं पीठ फुगायची वाट बघण्यातच वय गेलं रे." आणि हसत. ते हसणं मला सुरुवातीला फार मोकळं वाटायचं.

अशा माणसाचं चर्चच्या नव्या पाळकसाहेबांशी वाजणारच होतं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. येशूने शिष्यांबरोबर घेतलेलं शेवटचं जेवण हे वल्हांडणाचं होतं, आणि त्यातली भाकर मोडून तो म्हणाला की हे माझं शरीर आहे, त्याची ही आठवण. पाळकसाहेबांनी त्यासाठी दुकानातून स्लाइस ब्रेड आणून त्याचे चौकोनी तुकडे केले. काकांनी तुकडा हातात घेतला, दाबला, आणि भर उपासनेत शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "हा आमच्याच कारखान्याचा. यात काय काय असतं ते मला विचारा." दुसऱ्या वर्षापासून भाकर करण्याचं काम चर्चच्या मंडळीने काकांकडे दिलं. ते त्यांना बहुमान म्हणून दिलं, की गप्प बसावेत म्हणून, हे मी पाळकसाहेबांना विचारलेलं नाही.

ती भाकर म्हणजे एक प्रकरणच होतं. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स. पण पिठाला पाणी लागल्यापासून शेवटची भाकर तव्यावरून उतरेपर्यंत अठरा मिनिटांच्या वर जायचं नाही, कारण त्यानंतर पीठ आपलं आपण आंबायला लागतं. हा नियम ख्रिस्ती शास्त्रातला नव्हे. कारखान्यातल्या त्यांच्या एका कोकणातल्या ज्यू मित्राने सांगितलेला, त्याच्या घरचा. पण काकांना तो पटला आणि त्यांनी तो कारखान्यातलं जुनं स्टॉपवॉच लावून पाळला. लाटलेल्या भाकरीला काट्याने भोकं पाडायची, म्हणजे फुगत नाही. "आणि दुसरंही एक कारण आहे," असं म्हणून काका भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत. येशूच्या हातापायांत ठोकलेले खिळे त्यांना आठवत असावेत.

मी एकदा चेष्टेने म्हटलं, "काका, आम्ही बौद्ध. पण आमच्या गावाकडची ज्वारीची भाकरी बिनखमिराचीच असते. म्हणजे आम्ही बारा महिने तुमचा सण पाळतो." मला वाटलं, हसतील. काका गंभीर झाले. चौथ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो असताना जिन्यात मला अडवून म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तुम्हीही निघून आलेली माणसं आहात. निघणाऱ्याची भाकर अशीच असते." माझे आजोबा गाव सोडून मुंबईला आले ते एका फडक्यात चार भाकऱ्या बांधून, हे मी काकांना कधी सांगितलं नव्हतं. गुलामीतून निघालेल्या माणसांची गोष्ट आमच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवसापासून मी काकांची चेष्टा कमी केली. बंद केली नाही.

कारण बंद करणं शक्यच नव्हतं. सणाच्या आधीच्या आठवड्यात काका घरातलं खमीर बाहेर काढत. यीस्टची पुडी, पाव, खारी, टोस्ट, सगळं एका पिशवीत भरून आमच्याकडे आणून ठेवत आणि म्हणत, "सात दिवस तुमच्या मिसर देशात राहू दे." आमची मुलं त्या सणाची वर्षभर वाट बघायची. पण शास्त्रात खमीर म्हणजे नुसता यीस्ट नव्हे. प्रेषित पौलाने लिहिलंय की वैरभाव आणि दुष्टपणा हेच जुनं खमीर, ते काढून टाका, कारण आपला वल्हांडणाचा कोकरा म्हणजे ख्रिस्त, त्याचा बळी झालेला आहे, आणि आता सण पाळायचा तो खरेपणाच्या बेखमीर भाकरीने. काका हे शब्दशः पाळत. वर्षभरात ज्याच्याशी वाजलं असेल त्याच्या दारी जाऊन क्षमा मागत. सोसायटीच्या सेक्रेटरीची मागत, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची मागत. एकदा माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "माफ कर. तू माझं ड्रिल मशीन महिनाभराने परत केलंस तेव्हा मी तुला मनातल्या मनात कद्रू म्हटलं होतं."

मला हे ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक झालं. मी भडकलो, म्हटलं, "कद्रू? मी? बिट नवीन घालून दिलं होतं मी!" अर्धा तास आमचं वाजलं आणि काकांना संध्याकाळी पुन्हा क्षमा मागायला वर यावं लागलं. त्या वेळी मी त्यांना चहा दिला. तो त्यांनी दारातच उभ्याने घेतला. खमीर वाईट तर येशूनेच देवाच्या राज्याला खमिराची उपमा कशी दिली, बाईने पिठात लपवलेलं थोडंसं खमीर आणि सगळं पीठ फुगलं, असं मी कुठेसं ऐकलेलं विचारलं. काका खूश झाले. म्हणाले, "खमीर वाईट नाही रे. मी जन्मभर त्याच्यावर जगलो. भानगड आहे ती जुन्याची. पूर्वी यीस्टची पुडी नव्हती. आजच्या पिठातला गोळा काढून ठेवायचा आणि उद्याच्या पिठात घालायचा. उद्याच्यातला परवाच्यात. म्हणजे कधीकाळी आंबलेलं पीठ रोज नव्या पिठात येतंच राहतं. बेखमीर म्हणजे काय, तर कालचा गोळा आजच्यात घालायचा नाही. नव्याने सुरुवात. पीठ आणि पाणी."

तेवढ्यात बायको आतून बाहेर आली. ती सरळ विचारणारी. म्हणाली, "सगळ्यांकडे जाऊन आलात काका. मुलुंडच्या ताईंकडे?"

काकांना सख्खं माणूस एकच होतं, मुलुंडची थोरली बहीण. हे आम्हाला माहीत होतं, कारण तिची मुलगी कधीमधी काकांना भेटायला यायची. बहीण कधी आली नव्हती आणि काका कधी गेले नव्हते. काकांनी कप खाली ठेवला. "ते खमीर नाही वहिनी," ते म्हणाले, "तो दगड आहे." पण त्या दिवशी ते पुढेही बोलले. त्यांची आई ताईकडे असायची. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका दुपारी ताईने कारखान्यात फोन केला, आईचं काही खरं नाही, लगेच ये. काकांनी सांगितलं, पीठ फुगायला ठेवलंय, एवढा घाणा भट्टीत सोडतो आणि निघतो. तो घाणा भट्टीत गेला. काका मुलुंडला पोचले तेव्हा आईला जाऊन अर्धा तास झाला होता. ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला तुझा पावच महत्त्वाचा. बस तुझं पीठ बघत." काकांनीही काहीतरी उलट बोलून घेतलं. काय, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून दरवर्षी ते सगळ्या जगाची क्षमा मागत होते, अंधेरीतल्या अंधेरीत.

"मग जा ना एकदा," बायको म्हणाली.

"तोंड कुठलं घेऊन जाऊ?" काका म्हणाले, आणि छत्री सावरत खाली गेले. त्या गुरुवारी त्यांनी भाकर केली ती सोळा मिनिटांत. पण चर्चला निघताना मला म्हणाले, "ही भाकर बेखमीर आहे. करणारा नाही."

पुढची दोन वर्षं अशीच गेली. तिसऱ्या वर्षी सणाच्या आठवड्यात काका यीस्टची पुडी शोधायला स्टुलावर चढले आणि पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये. मंडळीत कुणाला सांगायचं नाही, नाहीतर पुन्हा स्लाइस ब्रेड येईल, अशी सक्त ताकीद देऊन त्यांनी पीठ मळायला मला बोलावलं. गुरुवारी दुपारी मी रजा टाकून खाली गेलो. काकांनी माझे हात दोनदा धुऊन घेतले, नखं तपासली, तवा तापवला, आणि डाव्या हाताने स्टॉपवॉच दाबून म्हणाले, "घाल पाणी!" मी मळत होतो आणि ते वरून सूचना देत होते. "दाब. अरे, गोंजारू नकोस, दाब! पाणीखात्यात आहेस म्हणून सगळं पाणी ओतू नकोस." पाच मिनिटं झाली. मी पहिला गोळा तोडला आणि फोन वाजला.

माझे हात पिठाचे, त्यांचा एक हात गळ्यात. काकांनी ओट्यावरच स्पीकर लावला. भाची बोलत होती. "मामा, आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन. हार्टचं पण बघतायत, डॉक्टर नीट काही बोलत नाहीत." मग म्हणाली, "तिने तुला बोलावलेलं नाहीये हं. ती म्हणाली, त्याला सांगू नकोस, आज त्याचा भाकरीचा दिवस आहे. मीच सांगतेय."

फोन बंद झाला. तवा धुरावला होता. काका स्टॉपवॉचकडे बघत होते. संध्याकाळी सहाला उपासना, शंभरेक माणसं भाकरीची वाट बघणार. आणखी बारा मिनिटं थांबलं असतं तर सगळं झालं असतं. हे त्यांनाही दिसत होतं, मलाही. मी म्हणणारच होतो, एवढी भाजून घेऊ आणि निघू. बरं झालं, तोंड उघडलं नाही.

"गॅस बंद कर," काका म्हणाले, आणि चालायला लागले. आत जाऊन जोडे घालायचे नव्हते, पट्टा शोधायचा नव्हता, छत्री मनगटावर होतीच. इतकी वर्षं हा माणूस कशासाठी तयार होऊन जेवत होता, ते मला तेव्हा लख्ख कळलं, आणि त्याच्यावर केलेल्या सगळ्या विनोदांची लाज वाटली. मीच हात न धुता चपला शोधत मागे राहिलो.

लिंक रोडला रिक्षा अडकली.  भांडुपला काका म्हणाले, "तू पीठ झाकलंस का?" मी म्हटलं, नाही. "राहू दे," ते म्हणाले. मी बायकोला फोन करून खालचं पीठ टाकून द्यायला सांगितलं आणि चर्चलाही कळव म्हटलं. ती बरं म्हणाली.

हॉस्पिटलात ताई खाटेवर उशीला टेकून होत्या. काकांसारखंच नाक, काकांसारखीच हनुवटी. दारात भाऊ दिसल्यावर त्यांनी आधी प्लास्टरकडे पाहिलं, मग जोड्यांकडे.

"आज गुरुवार ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"भाकर झाली?"

"नाही. पीठ मळलेलं होतं. टाकून आलो."

 "टाकून आलास?"

"हो ताई."

"किती मिनिटं झाली होती?"

"सहा."

"अरे वेड्या," ताई म्हणाल्या, "मग भाजून तरी यायचंस." आणि त्या रडायला लागल्या. काका तर दारापासूनच रडत होते. मी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं, पण मलाही नीट काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने ताईंनी डोळे पुसले आणि थोरल्या बहिणीच्या आवाजात म्हणाल्या, "जोडे काढ. बस."

आणि काका बसले. माझ्या ओळखीत पहिल्यांदा बसले. भाचीने थर्मासमधला चहा आणि घरून आणलेला पाव पुढे केला. मी काकांकडे पाहिलं, सणाचा आठवडा होता. काकांनी पाव बोटाने दाबला, सवयच ती, आणि चहात बुडवून खाल्ला. मी हळूच म्हटलं, "खमीर?" काका म्हणाले, "ताईच्या घरचं आहे."

संध्याकाळी घरी परतलो तर कळलं की बायकोने ते पीठ टाकलं खरं, पण चर्चला कळवण्याऐवजी स्टॉपवॉच लावून नवं मळलं, चौदा मिनिटांत भाकऱ्या काट्याने टोचून भाजल्या, आणि स्वतः नेऊन पाळकसाहेबांच्या हातात दिल्या. काकांनी उरलेला तुकडा तपासला. "काठ जाड आहेत," ते म्हणाले. मग तिच्यापुढे डोकं वाकवून म्हणाले, "पण वहिनी, माझ्यापेक्षा तुमच्या हातची जास्त बेखमीर."

ताई ऑपरेशनमधून उठल्या. काका दर रविवारी मुलुंडला जायला लागले. त्यांना ती बिनमिठाची भाकर आवडायची, म्हणून काका एक भाजून फडक्यात गुंडाळून न्यायचे. त्या म्हणायच्या, वातड आहे, आणि संपवायच्या. घरी त्यांनी दुसरी खुर्ची घेतली, जोडे दाराशी काढायला लागले, आणि एवढे सावकाश जेवायला लागले की सेक्रेटरी पाण्याची तक्रार घेऊन गेला तर तासभर अडकून पडायचा. त्यांची छत्री आमच्याकडेच विसरलेली असायची. माघ संपता संपता ताई गेल्या. काका त्यांच्या उशाशी बसलेले होते, पेज भरवत होते. मला फोनवर म्हणाले, "या वेळी मी होतो रे." तेवढंच.

यंदाच्या भाकरीच्या गुरुवारी हात धडधाकट असूनही त्यांनी मला मळायला बोलावलं. मी दाबून मळलं, त्यांनी भाजलं, पंधरा मिनिटं लागली. चर्चच्या भाकऱ्या डब्यात भरून झाल्या. मग काकांनी शेवटची भाकर वेगळी काढली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली, दाराशी जाऊन जोडे घातले, नाड्या बांधल्या आणि कडी काढली. तिथे ते थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, मी निघालो कुठे?"

 काकांनी वाकून नाड्या सोडल्या, जोडे काढून भिंतीला लावले आणि येऊन खुर्चीवर बसले. दुसरी खुर्ची माझ्यासाठी ओढली. फडकं उलगडून त्यांनी भाकर मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती. सहाला अवकाश होता, आम्ही दोघांनी ती बसून, सावकाश खाल्ली.